हॉलिंगरचं कोपर

डिसेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी, सकाळी अकरा वाजता, आमच्या पोर्ट लिंडेन स्टर्जन्स या बेसबॉल संघाने डॅक्स हॉलिंगर यांच्या उजव्या कोपराशी चार वर्षांचा करार केला. करारात बाकीच्या हॉलिंगरचाही उल्लेख होता, पण तो 'सदर कोपर धारण करणारी व्यक्ती' एवढाच. हे कोपर गेल्या दोन वर्षांत दोनदा उघडून पुन्हा शिवलेलं होतं आणि पुढच्या वर्षीच्या ऑगस्टपर्यंत ते कुठल्याही चेंडूच्या वाटेला जाणार नव्हतं. बातमी आली तेव्हा माझ्या दुकानात चार गिऱ्हाइकं होती. तिघं उठून टाळ्या वाजवायला लागले. त्यातल्या एकाची दाढी अर्धीच झाली होती. चौथा तसाच बसून राहिला.

मी गस पेट्राकिस. फ्रंट स्ट्रीटवर, मैदानाच्या तिसऱ्या फाटकासमोर, चौतीस वर्षं केस कापतोय. स्टर्जन हा आमच्या सरोवराच्या तळाशी राहणारा मासा आहे. तो शंभर वर्षं जगतो आणि त्या काळात फारसं काही करत नाही. संघाला त्याचं नाव कुणी दिलं ठाऊक नाही, पण ज्यानं दिलं त्याला पुढचं दिसत असावं.

आता गटाचं सांगतो, कारण पोर्ट लिंडेनमध्ये हिवाळ्यात दुसरं काही बोलण्यासारखं नसतं. आमच्या गटात पाच संघ. मोसम एप्रिलमध्ये सुरू होतो, पण गटात कोण कितवा येणार हे संगणक डिसेंबरपासूनच सांगायला लागतो आणि रोज सकाळी सहाला नवा आकडा देतो. सोमवारी आमचा आकडा होता शहात्तर पूर्णांक चार विजय, गटात चौथे. हॉलिंगरची सही झाली आणि बुधवारी सकाळी आम्ही ब्याऐंशी पूर्णांक एकवर गेलो, गटात तिसरे. एकही चेंडू न टाकता पाच-सहा सामने खिशात. पूर्णांकाच्या पुढचे ते चार दशांश विजय म्हणजे नक्की काय, असं मी एकदा लोवेलला विचारलं होतं. लोवेल आमचा टपालवाला. पत्रांपेक्षा आकडे जास्त वाटतो. तो म्हणाला, "अरे, म्हणजे सामना जिंकत आलेला असतो आणि पाऊस येतो." मला ते पटलं.

जो उठला नव्हता, तो टेड वोयचिक. टेड हा स्टर्जन्सचाच पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. डावखुरा, वय पस्तीस. अकरा वर्षं त्याचे केस मीच कापतोय. पाच पिचर आळीपाळीने सामने टाकतात, त्यात टेडचा नंबर कायम चौथा किंवा पाचवा. वर्षाला दहा सामने जिंकायचा, अकरा हरायचा. पण अकरा वर्षांत त्यानं एकही पाळी चुकवली नव्हती. कधी काही दुखलं नाही, खुपलं नाही. त्याच्याबद्दल वर्तमानपत्रात काही येत नसे, कारण काही होतच नसे.

मोसमाच्या पहिल्या दिवशी ज्याच्या हाती चेंडू देतात तो संघातला पहिला माणूस समजला जातो. टेडला हा मान कधीच मिळाला नव्हता. या ऑक्टोबरात मात्र आमचे प्रशिक्षक बर्ट यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "वोयचिक, एप्रिलचा पहिला दिवस तुझा." टेडनं ते फक्त दोघांना सांगितलं. एक मी. दुसरा त्याचा बाप, काझिमिर.

काझिमिर वोयचिक त्र्याऐंशी वर्षांचा. चाळीस वर्षं लोहखनिजाच्या धक्क्यावर क्रेन चालवली. तिसऱ्या तळामागची, म्हणजे थर्ड बेसमागची, चौदाव्या रांगेतली कडेची खुर्ची त्याची. एकावन्न वर्षांत त्यानं मोसमाचा पहिला दिवस चुकवलेला नाही, आणि दर वेळी मांडीवर गुणपत्रिका घेऊन प्रत्येक फलंदाजाचं काय झालं ते पेन्सिलीनं चौकटीत लिहितो. त्या एकावन्न पत्रिका घरी बिस्किटांच्या डब्यात आहेत. प्रत्येकीच्या माथ्यावर त्या दिवशीच्या पिचरचं नाव. एकीवरही 'वोयचिक' नाही. आणि डोळ्यांच्या डॉक्टरांनी म्हाताऱ्याला सांगून ठेवलं होतं की या एप्रिलला चेंडू दिसेल, पुढच्या एप्रिलचं काही सांगता येत नाही.

"पहिला दिवस आता हॉलिंगरला देतील का रे?" टेडनं आरशातून मला विचारलं.

"त्याला हात वर करता येत नाही," मी म्हणालो.

"म्हणूनच विचारतोय," टेड म्हणाला.

गुरुवारी पत्रकार परिषद झाली. संघाचे महाव्यवस्थापक प्रेस्टन ऑल्डिंग, वय तेहतीस, बारा महिने बिनबाह्यांचं जाकीट घालतात. नव्या खेळाडूनं टायवर संघाचा शर्ट चढवायचा अशी आपल्याकडे रीत आहे. हॉलिंगरला बाही चढेना, तेव्हा ऑल्डिंग यांनी ती चढवली आणि बटणंही लावली. मग मागच्या मोठ्या पडद्यावर कोपराचा क्ष-किरण फोटो आला. सभागृह उभं राहिलं. खोटं कशाला सांगू, मीही दुकानात टीव्हीसमोर उभा राहिलो. फोटो सुरेखच होता.

एका म्हाताऱ्या वार्ताहरानं विचारलं, "हे चेंडू कधी टाकणार?"

"हा प्रश्न मागच्या शतकातला झाला," ऑल्डिंग शांतपणे म्हणाले. "तुम्ही असं बघा. श्री. हॉलिंगर यांनी शेवटचा चेंडू टाकला तेव्हा ते उत्तम होते. त्यानंतर गेल्या दोन वर्षांत त्यांच्या हातून एकही चूक झालेली नाही. आमच्या गटात असा दुसरा पिचर दाखवा. शिवाय नियमानुसार दीर्घ दुखापत यादीतला खेळाडू संघाच्या चाळीस जणांत मोजत नाहीत. म्हणजे ते आहेतही, आणि जागाही अडवत नाहीत."

लोवेल माझ्याकडे वळून म्हणाला, "आमच्या टपाल कचेरीत असे सतरा जण आहेत, पण आम्हाला कधी त्यांचा फायदा करून घेता आला नाही."

याच सुमारास संघानं जुन्या प्रेक्षकांना एक प्रश्नावली पाठवली. मैदानावर आपणांस सर्वाधिक काय हवे? अ, विजय. ब, आशा. क, गाडी लावायला जागा. मी 'ब'वर खूण केली. एकाहत्तर टक्के लोकांनी तीच केली. उरलेल्यांकडे गाड्या होत्या.

जनता आशा मागते म्हटल्यावर कार्यालयानं कंबर कसली. तीन जानेवारीला टेक्सासहून एक खांदा आला. अकरा तारखेला एक पाठ आली. वीसला मनगट, त्यात दोन स्क्रू होते, पण ते कोरे होते. यांपैकी कुणीही वर्षभर खेळणार नव्हतं आणि प्रत्येकाचं शेवटचं वर्ष झकास होतं. संगणक तर हरखूनच गेला. पंच्याऐंशी पूर्णांक सहा. अठ्ठ्याऐंशी पूर्णांक तीन. एकोणतीस जानेवारीला सकाळी सहा वाजता आम्ही एक्याण्णव पूर्णांक दोनवर पोचलो आणि सव्वीस वर्षांनी गटात पहिले आलो. लोवेल त्या दिवशी पत्रं न वाटता माझ्या दुकानात येऊन ढसाढसा रडला.

नऊ फेब्रुवारीला, शून्याखाली चौदा अंश असताना, विजययात्रा निघाली. चौघे पिचर उघड्या ट्रकवर होते आणि ज्याचा जो हात चालत होता तो हात तो हलवत होता. पाठवाल्याला आडवं ठेवलं होतं. मैदानाच्या छताखाली नगराध्यक्षांच्या हस्ते निळा फलक टांगला गेला: हिवाळ्याचे गटविजेते. लोक म्हणाले, आता काहीही झालं तरी हे कुणी काढून घेऊ शकत नाही. खरं होतं ते. मी माझ्या दुकानाबाहेर गरम कॉफी फुकट वाटली.

पाच पिचरांतले चार असे ठाकठीक झाल्यावर अडचण एकाच जागी उरली. पाचवा. धडधाकट.

अकरा फेब्रुवारीला टेडला कार्यालयात बोलावलं. दुसऱ्या दिवशी त्यानं माझ्या खुर्चीत बसून जे सांगितलं ते जसंच्या तसं देतो.

"टेड, तुमच्या वैद्यकीय अहवालात एक गंभीर बाब आढळली आहे," ऑल्डिंग म्हणाले.

टेडनं विचारलं, "काय?"

"काहीही नाही."

"मग गंभीर काय?"

"तीच. तीन डॉक्टरांनी पाहिलं. खांदा, कोपर, पाठ, गुडघे. कुठेही काही सापडलं नाही. चौथ्याला मी मुद्दाम बाहेरगावाहून आणला, त्याचाही नाइलाज झाला."

"साहेब, मी पिचर आहे. बरा आहे. हे चांगलं नाही का?"

"तुमच्यासाठी असेल. आम्हाला संघाकडे पाहावं लागतं. तुम्ही गेल्या वर्षी एकशे ऐंशी डाव टाकलेत. त्याच्या आदल्या वर्षीही तेवढेच. ते सगळे संगणकाला तोंडपाठ आहेत. तुमच्याबद्दल आता काही आशा बाळगायला जागाच ठेवली नाहीत तुम्ही. तुम्ही आहात म्हणून आम्ही एक्याण्णव आहोत. तुम्ही जखमी असता तर त्र्याण्णव."

"आणि मग चेंडू कोण टाकणार?"

"घरच्या संघानं चेंडू टाकणं बंधनकारक आहे का, अशी आम्ही लीगकडे लेखी विचारणा केली आहे. उत्तर यायचंय." मग त्यांनी एक कागद पुढे सरकवला. वेदना घोषणापत्र. "कुठेतरी थोडं दुखत असेलच ना हो? नीट आठवून बघा. सही केलीत तर तीन वर्षांचा करार आणि पुढच्या विजययात्रेत ट्रकवर जागा. नाही केलीत तर तुम्हाला मोकळं करण्याचा विचार करावा लागेल."

टेडनं आठवडाभराची मुदत मागितली.

हे ऐकून मी काय म्हणालो ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी म्हणालो, "सही कर की! तीन वर्षं घरी बसून! वेड लागलंय का तुला?" आणि मी हे त्याच्या भल्यासाठी म्हणालो असं त्याला वाटलं असावं. माझ्या डोळ्यांसमोर त्र्याण्णवचा आकडा होता.

तो आठवडा टेडला फार जड गेला. गावात कुठेही गेला की लोक मायेनं चौकशी करत. बेकरीतली बाई पाव बांधता बांधता विचारायची, "काही दुखतं का रे बाळा?" आणि तो नाही म्हणाला की तिचा चेहरा उतरायचा. सेंट हेडविग चर्चमध्ये फादरांनी त्याच्या डाव्या खांद्यासाठी प्रार्थना ठेवली. नेमकं काय व्हावं म्हणून, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही. लोवेलनं तर माझ्याच दुकानात त्याला गाठलं.

"टेड, मित्रा, रागावू नकोस. पण आमचे दोन विजय तू अडवून बसलायस."

"मी दरवर्षी दहा जिंकतो, लोवेल."

"ते झालं खेळून. त्याला कोण विचारतो?"

शनिवारी टेड बापाला घेऊन आला. काझिमिरच्या डोक्यावर कापण्यासारखं फारसं नाही, पण तो महिन्यातून एकदा येतो आणि मी कात्री हवेत चालवतो. टेडनं कागद खिशातून काढून त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्यानं तो नाकाला लावून वाचला. बराच वेळ लागला.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

"नाही, पा."

"कुठेच?"

"नाही."

"मी चाळीस वर्षांत एकदाच खोटं दुखणं सांगून रजा घेतली," काझिमिर म्हणाला. "तुझ्या आईशी लग्न होतं म्हणून. फोरमन सुट्टी देईना. पुढे आयुष्यभर ती म्हणायची, लग्नाच्या दिवशी तुझं पोट दुखत होतं हे कचेरीत लिहून ठेवलंय." त्यानं कागद परत दिला. "तुझं तू बघ. मी पेन्सिलीला टोक करून ठेवलंय."

टेडनं सही केली नाही. गावात हळहळ झाली.

मार्चच्या अखेरीला लीगचं उत्तर आलं. दोनच ओळी: चेंडू टाकावा लागतो. विचारणेचे कारण कळवावे. कार्यालयाचा नाइलाज झाला. ऑल्डिंग यांनी पत्रक काढलं की कायमस्वरूपी पिचर बरे होईपर्यंत श्री. वोयचिक हे अंतरिम चेंडूपुरवठा पाहतील. ही व्यवस्था तात्पुरती असून तिचा संघाच्या भवितव्याशी संबंध जोडू नये.

दोन एप्रिल. ऊन होतं, पण सरोवरावरून असा वारा येत होता की बिअर हातात धरवेना. तिकिटं एकतीस हजार खपली होती. फाटकातून आत जाताना प्रत्येकाला एक बाहुली मिळाली: हॉलिंगर, हात झोळीत, मान स्प्रिंगवर. जरा धक्का लागला की नंदीबैलासारखी मान डोलावते. टेडनं मला बापाच्या शेजारचं तिकीट दिलं होतं. "त्याला काही दिसलं नाही तर सांगत जा, गस," एवढंच तो म्हणाला होता. मी छातीवर हात ठेवून हो म्हणालो होतो.

ध्वनिवर्धकावर नाव पुकारलं: "अंतरिम, टेड वोयचिक." काझिमिरनं पत्रिका मांडीवर सपाट केली, पेन्सिल जिभेला लावली आणि माथ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. वोयचिक. मग त्यानं ते पुन्हा गिरवलं. मी म्हाताऱ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि शप्पथ सांगतो, त्या क्षणी मला एक्याण्णव पूर्णांक दोनची आठवणही नव्हती.

टेडनं पहिल्या डावात तिघांना बाद केलं; बेसबॉलमध्ये तिघं गेले की डाव संपतो. दुसऱ्यात तिघांना. तिसऱ्यात, चौथ्यात तेच. एकही फलंदाज पहिल्या तळापर्यंत पोचला नव्हता. मागच्या रांगेत लोवेल फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

"एक्याण्णव पूर्णांक शून्य!" तो किंचाळला. "घसरतोय!"

"अरे, पण आपण एक-शून्यनं पुढे आहोत," मी म्हणालो.

"तेच म्हणतोय संगणक. हे नशीब आहे म्हणे. आणि हा असाच टाकत राहिला तर वर्षभर यालाच ठेवावं लागेल. मग काय उरलं?"

पाचव्या डावाच्या सुरुवातीला घोषणा झाली. श्री. डॅक्स हॉलिंगर तिसऱ्या फाटकाच्या ओट्यावर बाहुल्यांवर डाव्या हातानं सह्या करतील. एक आवाज झाला, मोठा, एकतीस हजार खुर्च्या एकदम मिटल्याचा. लोक उठले. मीही उठलो.

"दोन मिनिटांत येतो," मी काझिमिरला म्हणालो.

त्यानं मान वर केली नाही. चौकट भरत होता.

रांग फाटकातून बाहेर, माझ्या दुकानापर्यंत गेली होती. चार डाव रांगेत गेले. प्रेक्षागार इतकं शांत होतं की झेलणाऱ्याच्या हातमोज्यात चेंडू बसल्याचा आवाज बाहेर ऐकू यायचा. ठप्प. जरा वेळानं पुन्हा ठप्प. शेजारचा माणूस म्हणाला, कुठेतरी सुतारकाम चाललंय. टीव्हीचे कॅमेरे रांगेचं चित्रीकरण करत होते. सामन्याची अधिकृत नोंद ठेवणारे गृहस्थ माझ्यापुढे सहा माणसांवर उभे होते, हातात दोन बाहुल्या घेऊन.

शेवटी माझा नंबर आला. हॉलिंगर भला माणूस निघाला. डाव्या हातानं कष्टानं सही केली आणि म्हणाला, "आत सामना चाललाय ना? कोण टाकतंय आज?"

मी अकरा वर्षं ज्याचे केस कापतोय, ज्यानं मला बापाशेजारी बसवलं होतं, त्याचं नाव माझ्या जिभेवर होतं. पण मागून लोक ढकलत होते आणि पुढे हॉलिंगर हसत होता.

"आहे कुणीतरी अंतरिम," मी म्हणालो.

परत आलो तेव्हा सामना संपला होता. एवढ्या प्रेक्षागारात काझिमिर एकटा बसला होता. मी बाहुली कोटात लपवली. आत तिची मान हलत असलेली मला जाणवत होती.

"काय झालं?" मी विचारलं.

"जिंकलो," तो म्हणाला आणि पत्रिका माझ्यापुढे धरली. सत्तावीस चौकटी. सत्तावीस फलंदाज आले आणि सत्तावीस तसेच परत गेले. नऊ डावांत एकालाही पहिला तळ दिसला नाही. असा सामना टाकणारे इतक्या वर्षांत दोन डझन तरी झाले असतील की नाही. आमच्या गावात कधीच झाला नव्हता. खाली मैदानात टेड उभा होता, टोपी हातात, आणि चौदाव्या रांगेकडे बघत होता. त्यानं माझ्याकडेही बघून हात केला. मी पूर्ण वेळ तिथेच होतो असं त्याला वाटलं. मीही हात केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आकडा आला: नव्वद पूर्णांक सात. नऊ वाजता टेडला संघाच्या भवितव्याच्या हितार्थ मोकळं करण्यात आलं.

लीगपुढे मात्र पेच पडला. विजय नोंदला गेला होता, तपशील कुणाकडेच नव्हता. चित्रीकरणात रांग होती. बाद झालेल्या फलंदाजांनी आपल्याला काही आठवत नसल्याचं कळवलं. बर्ट यांनी अंतरिम व्यवस्थेबाबत बोलण्यास आपणांस मनाई असल्याचं कळवलं. टेडनं बापाची पत्रिका सादर केली; ती 'निकटच्या नातेवाइकाची नोंद' म्हणून अग्राह्य ठरली. तेव्हा लीगनं तिकीट घेतलेल्या प्रत्येकाला साक्षपत्र पाठवलं. आपण सदर सामना स्वतः पाहिला काय? असल्यास पिचरचे नाव लिहून सही करावी.

पोर्ट लिंडेनचे लोक कर्तव्याला चुकत नाहीत. एकतीस हजारांपैकी एकतीस हजार साक्षी परत गेल्या. प्रत्येकानं सामना स्वतः पाहिला होता, पहिल्या चेंडूपासून शेवटच्या चेंडूपर्यंत. पुष्कळांनी वर्णनंही जोडली. लोवेलनं चार पानं लिहिली, त्यात सातव्या डावात त्याच्या अंगावर काटा आल्याचा उल्लेख आहे. मोजणी झाली. सव्वीस हजार साक्षींमध्ये पिचरच्या नावापुढे हॉलिंगर होतं.

लोकभावनेचा मान राखून लीगनं तो सामना हॉलिंगरच्या नावे लावला. दोन वर्षांनंतरचा पहिलाच सामना आणि त्यात एकही चूक नाही म्हटल्यावर संगणकानं त्याच सकाळी आम्हाला चौऱ्याण्णव पूर्णांक पाचवर नेलं. गटात पहिले. दुसरा संघ पार मागे.

काझिमिरनं पत्रिका बिस्किटांच्या डब्यात ठेवली, बावन्नावी. परवा आला होता दुकानात. मी कात्री हवेत चालवत होतो. "गस," तो म्हणाला, "सातव्या डावातला तो शेवटचा चेंडू मला धड दिसला नाही. आत वळला की बाहेर? तू होतास ना शेजारी?"

"आत," मी म्हणालो. तो समाधानानं हसला.

माझ्या साक्षपत्रावर मी कुणाचं नाव लिहिलं, ते विचारू नका. गर्दी होती, दुकानात गिऱ्हाइकं खोळंबली होती. उलट मलाच तुम्हाला विचारायचंय. टेडनं सत्तावीसच्या सत्तावीस बाद केले, हे तुम्ही इतका वेळ मानून चालला आहात. सांगणारा मी, आणि मी रांगेत होतो. बाकीचं तुम्ही पाहिलं असं तुम्हाला वाटतंय, म्हणजे तुमची साक्षही माझ्याइतकीच पक्की आहे. हरकती घेण्यासाठी लीगनं मुदत महिनाअखेरपर्यंत वाढवली आहे. माझ्याकडे कोरी साक्षपत्रं आहेत, पेनही आहे. नाव विचारपूर्वक लिहा. चौऱ्याण्णव पूर्णांक पाचचा प्रश्न आहे.